घरी जाताना वजन किती?

(मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या बाईंनी नोकरीची सगळी वर्षं वॉर्डातला लघवीचा तक्ता आणि वजनाचा काटा जिवापाड जपला, त्यांच्या नावाने चार शब्द बोलायचे तर विषय शोधावा लागत नाही. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं. ते इस्पितळात कसं काढायचं आणि पुरतं निघालं की नाही हे कसं ओळखायचं, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. औषधं आपल्याकडे आहेत, त्यातलं मुख्य औषध अगदी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळतं. कमी पडतं ते मोजमाप. मोजलं जात नाही म्हणून औषध कमी दिलं जातं, उशिरा वाढवलं जातं, आणि अंगात पाणी शिल्लक असतानाच माणूस घरी जातो.

हार्ट फेल्युअर म्हटलं की नातेवाइकांना वाटतं हृदय बंद पडलं. हृदय चालूच असतं, पण त्याचा जोर शरीराच्या गरजेला पुरत नाही. कुणाचा स्नायू हार्ट अटॅकमध्ये मेलेला असतो, कुणाचा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड आणि ताठ झालेला असतो, कुणाची झडप लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली असते. कारण कुठलंही असो, मूत्रपिंडांपर्यंत निरोप एकच पोचतो: रक्त कमी पडतंय. मग ती मीठ धरून ठेवतात. जुलाब-उलट्यांनी माणूस कोरडा पडला की हीच व्यवस्था त्याचा जीव वाचवते. इथे ती अंगावर उलटते, कारण मिठामागोमाग पाणी येतं. एक लिटर जादा पाणी अंगात राहायला साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ लागतं. पाच-सहा लिटर पाणी साठलेला माणूस जवळजवळ पन्नास ग्रॅम जादा मीठ अंगात घेऊन दाखल झालेला असतो. तेव्हा पाणी काढायचं म्हणजे आधी मीठ काढायचं, हे मनाशी पक्कं धरलं की पुढची सगळी चिकित्सा समजते.

पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काही लिटर साठेपर्यंत पायावर सूज दिसतही नाही. त्याआधी बाकीची लक्षणं बोलू लागतात. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून उशाला एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात, आणि शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढावी लागते. चप्पल घालायला वाकलं की अर्ध्या मिनिटात दम लागतो. मानेची शीर फुगलेली दिसते. आतड्यांनाही सूज येते. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब वाटतं, भूक मरते. या आतड्यांच्या सुजेकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. घरी वेळच्या वेळी लघवीची गोळी घेणारा माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, गोळी चालू आहे, पण लघवी होत नाही.’ तो खरं बोलत असतो. फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधाची गोळी एरवीसुद्धा कुणाच्या अंगात दहा टक्के, तर कुणाच्या नव्वद टक्के शोषली जाते. आतडी सुजली की ती आणखी संथ शोषली जाते आणि रक्तात तिची पुरेशी पातळी गाठलीच जात नाही. अशा माणसाला तीच गोळी वाढवून घरी परत पाठवणं म्हणजे दोन-चार दिवस वाया घालवणं. त्याला शिरेतून औषध हवं.

हे शिरेतलं औषध हाताशी येईपर्यंत डॉक्टरांनी काय काय केलं, तेही थोडं ऐका. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसच्या पानांवर पुस्तक लिहिलं. अंगावर सूज आलेल्या रुग्णांना ती पानं दिली की भरपूर लघवी होते, हे त्यांनी एकेका रुग्णाच्या नोंदीसह मांडलं. मात्रा चुकली तर काय होतं, तेही लपवलं नाही. पुढच्या शतकात लंडनचे रेजिनाल्ड साऊदी सुजलेल्या पायांच्या कातडीत बारीक नळ्या खुपसून पाणी भांड्यात ठिबकवत. जखमा चिघळत, तरीही रुग्ण त्या नळ्या मागत, कारण त्याने श्वास मोकळा होई.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९१९ मधली व्हिएन्नाची गोष्ट. डॉ. वेंकेबाख यांच्या विभागात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करत होता. जन्मजात सिफिलिस असलेल्या एका तरुण मुलीला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाऱ्याचं औषध द्यायचं होतं. नेहमीचं औषध हाताशी नव्हतं, म्हणून नोव्हासुरोल नावाचं नवं इंजेक्शन दिलं. त्या मुलीला सूज नव्हती आणि तिच्या लघवीकडे कुणाचं लक्ष असण्याचंही कारण नव्हतं. पण वॉर्डातल्या सिस्टरांनी तिची रोजची लघवी मोजून तक्त्यावर लिहून ठेवली होती, आणि इंजेक्शनच्या दिवशी आकडा एकदम वर गेलेला दिसला. पुन्हा इंजेक्शन दिलं, पुन्हा आकडा वर गेला. मग तेच औषध हृदयविकाराने सुजलेल्या रुग्णांना दिलं आणि लिटरमागून लिटर पाणी निघालं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायझाइड गोळ्या येईपर्यंत, पाऱ्याच्या इंजेक्शनांनी हजारो माणसांना श्वास दिला. १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं आणि विषारी पारा मागे पडला. तक्ता लिहिणाऱ्या त्या सिस्टरांची नावं वैद्यकाच्या इतिहासात नाहीत. तो तक्ता नसता तर शोध लागला नसता.

आता आपल्या वॉर्डात येऊ. रुग्ण रात्री अकराला दाखल होतो. ऑक्सिजन लागतो, इसीजी निघतो, फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं जातं, कॅथेटर घातला जातो. रक्तदाब खूप चढलेला असेल आणि फुप्फुसं एकदम भरली असतील तर नायट्रोग्लिसरिन आणि मास्कचं मशीनही लागतं. त्या रुग्णाचा प्रश्न अंगातल्या एकूण पाण्यापेक्षा पाण्याने जागा बदलल्याचा असतो. बाकीच्यांच्या बाबतीत पुढचे सहा तास निर्णायक असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच झोपेत जातात. सकाळच्या राउंडला विचारलं जातं, ‘लघवी किती झाली?’ उत्तर मिळतं, ‘बरी झाली.’ कॅथेटर नसेल तर तक्त्यात आउटपुटच्या रकान्यात लिहिलेलं असतं: तीन वेळा. तीन वेळा म्हणजे तीनशे मिलिलिटर की दीड लिटर? त्या रकान्यावरून औषध वाढवायचं की नाही हे कुणीच ठरवू शकत नाही. मेट्रनबाईंच्या वॉर्डात असा रकाना त्या स्वतः खोडत आणि मापाचं भांडं घेऊन रुग्णाच्या मुलाला शिकवत की लघवी यात करायची, आकडा इथपर्यंत वाचायचा आणि ओतून देण्याआधी सिस्टरला सांगायचं.

आकडा का हवा? कारण फ्युरोसेमाइडला एक उंबरठा असतो. मात्रा त्याच्या खाली असेल तर ती दिवसातून चार वेळा दिली तरी फारसं काही घडत नाही, आणि तो ओलांडला की लघवी सुटते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाचा उंबरठा उंच असतो. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याचाही प्रतिसाद मंदावलेला असतो. म्हणून जो घरी गोळी घेतो त्याला निदान तेवढी, किंवा तिच्या दुप्पट मात्रा शिरेतून द्यावी, आणि जो कधीच घेत नव्हता त्याला वीस ते चाळीस मिलिग्रॅमने सुरुवात करावी, असं युरोपीय हृदयरोग संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासायचं. ते लिटरमागे ५० ते ७० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल, किंवा सहा तासांत ताशी १०० ते १५० मिलिलिटर लघवी झाली नसेल, तर मात्रा दुप्पट करायची. सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. लघवीतल्या सोडियमची तपासणी साधी आहे, रक्तातलं सोडियम मोजणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा ती करू शकतात. जिथे ती होत नाही तिथे मापाचं भांडं आहेच.

जास्त मात्रेची भीती डॉक्टरांनाही असते. त्यावर २०११ मध्ये डोस नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०८ रुग्णांपैकी काहींना घरच्या मात्रेइतकी मात्रा शिरेतून दिली, काहींना अडीचपट. शिवाय बारा-बारा तासांनी इंजेक्शन द्यावं की पंपाने सतत सोडावं, हेही पाहिलं. पंप आणि इंजेक्शन यांत फरक निघाला नाही. दोन मात्रांतला मुख्य फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरता उतरला नाही, पण जास्त मात्रेच्या गटात वजन अधिक उतरलं आणि दम अधिक कमी झाला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन त्या गटात अधिक जणांचं वाढलं, पण ते तात्पुरतं. साठ दिवसांनी त्याचं नुकसान दिसलं नाही. माझ्या मते या अभ्यासाने पंपावरचा वाद मिटवला आणि मात्रेबाबतचा संकोच अनाठायी ठरवला.

क्रिएटिनिनबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण इथेच सगळ्यात जास्त उपचार अर्ध्यावर सोडले जातात. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो, १.४ चं १.७ झालेलं असतं. कुणीतरी म्हणतं, ‘लघवीच्या औषधाने किडनी चालली.’ इंजेक्शन बंद होतं. नातेवाइकांनी हे शेजाऱ्यांकडून आधीच ऐकलेलं असतं, तेही मान डोलावतात. पण मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी वाट जशी महत्त्वाची, तशी रक्त परत नेणारी शीरही महत्त्वाची असते. परतीची शीर तुंबली की मूत्रपिंडातला दाब वाढतो आणि त्याचं काम मंदावतं. क्लीव्हलँडमध्ये दाखल झालेल्या १४५ रुग्णांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची मूत्रपिंडं दाखल असताना बिघडली, त्यांचं हृदय इतरांपेक्षा कमी रक्त फेकत होतं असं दिसलं नाही. त्यांच्या शिरांतला दाब जास्त होता. म्हणजे पुष्कळ रुग्णांत मूत्रपिंडाचा शत्रू तेच पाणी असतं जे काढायला आपण घाबरतो. सूज उतरतेय, वजन घटतंय, माणूस सपाट झोपू लागलाय आणि क्रिएटिनिन थोडं चढलंय, तर औषध थांबवू नये. उलट लघवीही आटली, सूजही तशीच, हातपाय गार पडले आणि रक्तदाब ढासळला, तर ती वेगळी आणि गंभीर स्थिती आहे. तिथे हृदयाला जोर देणाऱ्या औषधांचा आणि मोठ्या इस्पितळाचा विचार तातडीने करावा लागतो. दोन्ही चित्रांत रिपोर्टवरचा आकडा एकच असू शकतो. रुग्णाकडे पाहिल्याशिवाय त्यातला फरक कळत नाही.

मात्रा वाढवूनही पाणी हटेना तर दुसरं औषध जोडतात. मेटोलाझोनसारखी थायझाइड जातीची गोळी फ्युरोसेमाइडच्या पुढच्या टप्प्यावर मीठ परत शोषलं जाणं अडवते. ती जोरकस आहे, पण पोटॅशियम आणि सोडियम झपाट्याने उतरवते, म्हणून रोज रक्त तपासल्याशिवाय तिला हात लावू नये. काचबिंदूसाठी दिलं जाणारं जुनं अ‍ॅसिटाझोलामाइड २०२२ मध्ये बेल्जियमच्या ५१९ रुग्णांत रोज ५०० मिलिग्रॅम शिरेतून वापरून पाहिलं. तीन दिवसांत सूज पुरती उतरलेले ४२.२ टक्के निघाले. औषध न जोडलेल्यांत ३०.५ टक्के. या आकड्याची दुसरी बाजूही पाहा. अभ्यासाच्या शिस्तीत, जादा औषध जोडूनही निम्म्याहून अधिक रुग्णांचं पाणी तीन दिवसांत पुरतं निघालं नाही. मग धावपळीच्या वॉर्डात दोन दिवसांत ‘बरं वाटतंय’ म्हणून निघालेल्या माणसाची गोष्ट काय असेल?

यंत्राने रक्तातलं पाणी गाळून काढता येतं. नातेवाइकांना यंत्राचा भरवसा वाटतो, पण २०१२ च्या कॅरेस अभ्यासात, मूत्रपिंडं बिघडत चाललेल्या १८८ रुग्णांत, पायरीपायरीने वाढवलेल्या औषधांपेक्षा यंत्राने जास्त वजन उतरवलं नाही आणि त्रास मात्र जास्त झाला. औषधं खरोखर हरल्यावर यंत्राचा उपयोग आहे. पूर्ण मात्रा न देताच ती हरली असं जाहीर करू नये. मूत्रपिंडासाठी म्हणून डोपामिनचा बारीक थेंब लावण्याची जुनी सवयही २०१३ च्या रोझ अभ्यासात निरुपयोगी ठरली. ती आता सोडावी.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून तळमळ वाटते तिच्याकडे येतो. एका हाताने आपण मीठ काढतो आणि दुसऱ्या हाताने आत घालतो. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हा हट्ट आपल्याकडे घरोघरी आहे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. प्रतिजैविक शंभर मिलिलिटर सलाईनमधून दिवसातून तीनदा दिलं, तर कुणाच्या ध्यानीमनी नसताना पावणेतीन ग्रॅम मीठ शिरेत जातं. जिथे चालतं तिथे ग्लुकोजमधून किंवा थेट इंजेक्शनने द्यावं. कुठे चालतं ते फार्मासिस्टला विचारावं. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल ही औषधं घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते आधीच वाढलेलं असू शकतं. डब्यातून येणारं लोणचं, पापड, सुकट, दुपारच्या चहाबरोबरची खारी हे मी सांगायला नको.

मीठ आवरा असं सांगतो, तेव्हा पाण्याचा छळ करा असं माझं म्हणणं नाही. ब्राझीलमध्ये ७५ दाखल रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दिवसाला ८०० मिलिलिटर द्रव आणि ८०० मिलिग्रॅम सोडियम एवढ्यावर ठेवलं. तीन दिवसांत त्यांचं वजन इतरांपेक्षा जास्त उतरलं नाही, तहान मात्र वाढली. ऐन मे महिन्यात, पंखा कुरकुरणाऱ्या वॉर्डात, ओठ सुकलेल्या म्हाताऱ्याच्या हातातला पेला हिसकावून घेणं हा उपचार नव्हे. रक्तातलं सोडियम खूप खाली असेल तर पाणी मर्यादित करावं लागतं. एरवी वाजवी प्रमाण सांगावं आणि औषधाची मात्रा नीट द्यावी.

शेवटी डिस्चार्ज. अमेरिकेत रुग्ण दाखल होण्याच्या एक लाखाहून अधिक घटनांची अ‍ॅडहिअर नावाची नोंदवही ठेवली गेली. तिच्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांचं वजन घरी जाताना सव्वादोन किलोसुद्धा उतरलेलं नव्हतं, काहींचं तर वाढलेलं होतं. आपल्या देशाच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत ५३ रुग्णालयांतले दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतले १४.२ टक्के नव्वद दिवसांच्या आत दगावले. सात जणांमागे एक. या सगळ्या मृत्यूंचा दोष शिल्लक पाण्यावर टाकता येणार नाही, पण सूज घेऊन घरी गेलेला माणूस लवकर परत येतो आणि लवकर जातो, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलं आहे. डिस्चार्जचा दिवस बिलावरून, खाटांच्या टंचाईवरून किंवा अमावास्येवरून ठरू नये. माणूस सपाट झोपतो का, मानेची शीर बसली का, पायाचा खळगा गेला का, शिरेतलं इंजेक्शन बंद करून गोळीवर आणल्यावरही वजन टिकतं का, यावरून तो ठरावा. आणि घरी पाठवल्यावर विसरू नये. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ हा अभ्यास आला. त्यातल्या १,०७८ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या दीड महिन्यात वारंवार बोलावून, तपासून, औषधांची मात्रा झपाट्याने पूर्ण केली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा हार्ट फेल्युअरने दाखल होणं यांचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या रुग्ण दाखल असतानाच सुरू केल्याचाही फायदा दिसला आहे. त्या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, तेव्हापासून त्याचे स्वस्त पर्याय दुकानात आले आहेत. ते परवडत नाही हे कारण आता पूर्वीसारखं उरलेलं नाही.

समोर बसलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना माझी विनंती आहे. सकाळी सहाला, चहा यायच्या आधी, लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत रुग्णाचं वजन घ्या. राउंडला डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कालचा आणि आजचा आकडा मोठ्याने सांगा. मिलिलिटर न लिहिलेला रकाना तसाच राहू देऊ नका. रात्रपाळीत सहा तास होऊनही पिशवीत पाच-सहाशे मिलिलिटर जमलं नसेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा. तो तुमचा अधिकार आहे. इस्पितळांच्या विश्वस्तांनी प्रत्येक वॉर्डात उभं राहता न येणाऱ्या रुग्णांसाठी बसून वजन घेता येईल असा एक काटा ठेवावा.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड हातात घेताना त्यावर आजचं वजन लिहिलं आहे का ते पाहावं. नसेल तर लिहून घ्यावं. घरी साधा काटा आणावा, रोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात आकडा लिहावा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर सूज दिसो वा न दिसो, दम लागो वा न लागो, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.